पुन्हा त्याच झाडाकडे

होटगी येथील एका कॅथलिक कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो असता त्या घरच्या मुलाच्या हाती ‘चांदोबा’चे जुने, एकत्र बांधलेले अंक दिसले. आईने संकोचून विचारले, “फादर, या भुताखेतांच्या गोष्टींनी मुलाची श्रद्धा तर डळमळणार नाही ना?” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर देण्यापूर्वी ते अंक आम्ही वाचावयास मागून आणले.

‘चांदोबा’ मराठीत १९५२ साली सुरू झाला. आज तो बंद पडला असला, तरी चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला, खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा विक्रम राजा कित्येकांच्या डोळ्यांपुढे असेल. ही कथा फार जुनी. अकराव्या शतकात सोमदेवाने आपल्या ‘कथासरित्सागरा’त ती गुंफली.

मुलांना येथे केवळ भयच आवडते काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्यांना खिळवून ठेवते ती कथेतील अट. राजा बोलला, तर वेताळ निसटणार. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. म्हणजे खरे बोलावे तर केलेले श्रम वाया! तरीही राजा उत्तर देतो आणि मुकाट्याने त्याच झाडाकडे परततो. चुकलेले गणित पुन्हा मांडणाऱ्या मुलाला हा राजा आपलासा वाटला, तर नवल ते काय?

अद्भुतकथा म्हणजे पलायन, असा आक्षेप घेतला जातो. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या परीकथांवरील निबंधात कॅथलिक साहित्यिक टॉल्किन यांनी त्याचा समाचार घेताना, सुटकेची आस धरणारा कैदी आणि पळपुटा सैनिक यांत भेद केला आहे. आमचा विक्रम तर पळतच नाही. तो परत जातो.

तथापि दोष सांगितलाच पाहिजे. मूळ कथामालेस शेवट आहे. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर राजाला सुचत नाही. तो गप्प राहतो, आणि प्रसन्न झालेला वेताळ त्याला कपटी भिक्षूपासून सावध करतो. न कळणाऱ्या गोष्टीपुढे नम्रपणे मौन पाळावे, हे त्यातले मर्म. मासिकात मात्र वेताळ दरमहा झाडावरच परतत राहिला, आणि हा शेवट बालवाचकांपासून दूरच राहिला. शिवाय राजकन्या म्हणजे पराक्रमाचे बक्षीस, ही अनेक कथांतील कल्पना मुलींना काय शिकवील, याचाही पालकांनी विचार करावा.

अंक परत करताना आम्ही त्या माउलीला एवढेच सांगितले, “पुस्तक काढून घेऊ नका. मुलाजवळ बसून वाचा. वेताळाचा प्रश्न आला की पुस्तक मिटा, आणि राजाच्या आधी त्याला उत्तर देऊ द्या.”