आशीर्वादपत्राचे वाचन

चातुर्मास्याच्या किंवा एखाद्या उत्सवाच्या निमित्ताने मठाधिपतींचे आशीर्वादपत्र आले म्हणजे हैदराबादेतील आम्हां सारस्वतांच्या घरी ते मस्तकी लावून देव्हाऱ्यात ठेवले जाते. पुढे चौकटीतही बसते. कोणी त्याला रायस म्हणतात, कोणी श्रीमुख. या आदरात एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते : ते पत्र वाचले जात नाही. हा विचार आमच्या मनात जागा केला तो एका परधर्मीय गुरूच्या पत्रांनी.

रब्बी मेनाखेम मेंडेल श्नेअरसन (१९०२–१९९४) हे ज्यू लोकांतील हसिदी पंथाच्या लुबाविच शाखेचे सातवे गुरू. १९५१ साली त्यांनी गुरुपद स्वीकारले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातून अखेरपर्यंत सांभाळले. नववर्ष आणि वल्हांडण या सणांपूर्वी ते साऱ्या ज्यू समाजास उद्देशून पत्र लिहीत. शिवाय व्यक्तिशः स्वाक्षरीची शुभचिंतनपत्रेही धाडीत. यांतील नववर्ष म्हणजे आपल्या कोंकणातील मराठीभाषी बेने इस्राएल ज्याला ‘नव्याचा सण’ म्हणत आले, तोच सण.

त्याचे हिब्रू नाव ‘रोश हशाना’, म्हणजे वर्षाचे मस्तक. नुसता ‘आरंभ’ न म्हणता ‘मस्तक’ का म्हटले, हा प्रश्न या पत्रांतून पुनःपुन्हा येतो. मस्तक साऱ्या अवयवांना चालविते. तसा या दिवशीचा संकल्प वर्षातील प्रत्येक दिवसाला चालवील तरच नाव सार्थ, हे त्याचे उत्तर. ‘शुभ आणि मधुर वर्ष लाभो’ हा आशीर्वाद येतो तो या विवेचनाच्या शेवटी. कर्तव्य सांगून मग दिलेला आशीर्वाद घेणाऱ्याला नुसता याचक राहू देत नाही. या पत्रांचे खरे बळ आमच्या मते येथे आहे.

दोष नाहीत असे नव्हे. अनेक वर्षांची पत्रे सलग वाचली तर तेच विचार फिरून भेटतात. परंतु सणही दरवर्षी तोच येतो. कीर्तनात ध्रुवपद पुन्हा आले म्हणून श्रोता उठून जात नाही. उणेपणा जाणवतो तो दोन ओळींच्या ठराविक शुभेच्छापत्रांत. स्वाक्षरीची अशी पत्रे आज लिलावात विकली जातात. गुरूच्या हस्ताक्षराविषयीची भक्ती आम्ही जाणतो. पादुकांपुढे नमणाऱ्यांना ती कोणी शिकवावी? तरीही स्वाक्षरी ही शब्दांची साक्ष आहे. शब्दांच्या जागी ती बसू शकत नाही.

म्हणून आपल्याच देव्हाऱ्याकडे वळावेसे वाटते. आपल्या पत्रातील संस्कृत बिरुदावली दीर्घ असते, आणि शेवटचे नारायणस्मरण तेवढे ओळखीचे. मधल्या ओळींत स्वामींनी काय सांगितले, हे घरातील मुलांना कोण सांगणार? उत्सवाच्या दिवशी प्रसादापूर्वी ते पत्र मोठ्याने वाचावे आणि त्याचा अर्थ कोंकणीत व मराठीत सांगावा. त्याला पाच मिनिटे पुरतील. चौकट त्यानंतर खुशाल करावी.