'निर्विष' जंतुनाशनाचे गौडबंगाल

कुत्र्या-मांजरांची जागा 'निर्विष' उपायांनी निर्जंतुक कशी करावी, याचे सल्ले हल्ली सर्वत्र वाचायला मिळतात. त्यांत एक कृती हमखास आढळते : व्हिनेगर व खाण्याचा सोडा एकत्र करून फरशी पुसा. आमचा पहिला आक्षेप शालेय रसायनशास्त्राचाच आहे. अ‍ॅसेटिक आम्ल आणि सोडियम बायकार्बोनेट यांनी परस्परांचे उदासिनीकरण केले, की कार्बन डायऑक्साइड उडून जातो व मागे राहते सोडियम अ‍ॅसिटेटचे पाणी. फेस मात्र झकास येतो! लिटमस कागद वापरून वर्गात हे सहज दाखवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि थोड्याच काळात जगभर पसरला. त्याच्याभोवती मेदाचे आवरण नसते. साबण व अल्कोहोल अनेक विषाणूंचे हे आवरणच विस्कटतात. येथे विस्कटण्याजोगे काही नाहीच. व्हिनेगरवरही भरवसा ठेवता येत नाही. पिल्लू दगावलेल्या जागी हा विषाणू महिनोन्महिने टिकतो. ती जागा व्हिनेगरने पुसून तेथे लस न टोचलेले दुसरे पिल्लू आणले, तर त्याचेही तेच होण्याची भीती असते.

फिनेलविषयी हे सल्लागार साशंक असतात, ते योग्यच. काळ्या फिनेलमधील फिनॉलवर्गी संयुगे शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताने त्यांना ग्लुक्युरोनिक आम्लाशी जोडावे लागते. मांजरात त्यासाठी लागणारे एक विकर कार्यक्षम नसते. शिवाय मांजर पंजे चाटते, म्हणजे फरशीवरचे सारे पोटात. परंतु हेच लेखक पुढे 'नैसर्गिक' म्हणून टी ट्री तेल सुचवतात, आणि तेही मांजराला विषारीच!

मग करावे काय? पार्व्होची शंका असल्यास प्राण्याला दूर ठेवून जागा आधी साबणपाण्याने घासून धुवावी. नंतर सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या द्रावणाच्या १ भागात ३२ भाग पाणी मिसळून ते फरशीवर १० मिनिटे ओले राहू द्यावे, मग धुऊन वाळवावे. हायपोक्लोराइटचे अखेर बहुतांशी मीठच होते. 'विषारी' ठरवलेले हे रसायन असे वापरल्यास व्हिनेगरपेक्षा हितकारक ठरते. मात्र त्यात व्हिनेगर मिसळल्यास क्लोरीन वायू निघतो आणि मूत्रातील अमोनियाशी त्याची गाठ पडल्यास क्लोरामाइन. 'थोडे थोडे सर्वच घाला' असे सांगणारा सल्ला म्हणूनच धोक्याचा. शेणाने सारवलेल्या अंगणात तर हे द्रावण निरुपयोगीच, कारण सेंद्रिय पदार्थ क्लोरीन संपवून टाकतात.

घरात आजारी जनावर नसेल, तर एवढा खटाटोप रोज कशाला? उंदरांच्या व कुत्र्यांच्या मूत्रातून पसरणारे लेप्टोस्पायरा जिवाणू कोरडेपणात फार टिकत नाहीत. साबणपाण्याने धुतलेली, उन्हात खडखडीत वाळलेली जागा त्यांच्यासाठी पुरेशी आहे. पावसाळ्यात ती कोरडी ठेवणे हेच खरे अवघड काम.