दिल्लीचें राष्ट्रीय युद्धस्मारक : एक परीक्षण

नवी दिल्ली येथें इंडिया गेटच्या पूर्वेस सुमारें ४० एकर भूमीवर रचलेलें राष्ट्रीय युद्धस्मारक ता. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं राष्ट्रास अर्पण झालें. स्मारक हें तें उभारणाऱ्या काळाचें अस्सल साधन होय. म्हणून शिलालेखाप्रमाणें त्याचेंही वाचन झालें पाहिजे. त्या दृष्टीनें येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

चेन्नईचे वास्तुविशारद योगेश चंद्रहासन यांच्या आराखड्यांत एकाच मध्याभोंवतीं चार चक्रें आहेत. बाहेरून आंत जातांना प्रथम वृक्षराजीचें रक्षकचक्र, मग नांवें कोरलेल्या ग्रॅनाइटच्या भिंतींचें त्यागचक्र, पुढें वीरताचक्र व शेवटीं अमरचक्र लागतें. अमरचक्राच्या मध्यभागीं सुमारें १५.५ मीटर उंचीचा स्तंभ असून त्यापाशीं ज्योत अखंड तेवते. वीरताचक्रांत रेझांग ला, टिथवाल, लोंगेवाला इत्यादि सहा रणप्रसंगांचीं कांस्यचित्रें आहेत. तीं धुळें जिल्ह्यांतील गोंदूरचे शिल्पकार राम सुतार यांच्या हातचीं होत.

ही रचना चक्रव्यूहावरून सुचली असें सांगण्यांत येतें. यासंबंधीं आमची शंका अशी. द्रोणपर्वांत हा व्यूह द्रोणाचार्यांनीं पांडवांविरुद्ध रचला आहे. अभिमन्यूस त्याचा भेद ठाऊक होता, निर्गम ठाऊक नव्हता. वाट फोडल्यावर आपण मागोमाग येऊं, असें वडील मंडळींनीं त्यास आश्वासन दिलें. जयद्रथानें त्यांस दारींच अडविलें, आणि आंत एकटा सांपडलेला कुमार अनेक महारथांनीं मिळून मारिला. तेव्हां व्यूह शत्रूचा आणि पडलेला वीर आपला! रचनाकारानें केवळ संरक्षणाची मांडणी एवढाच अर्थ घेतला असेल, व बाहेरील रक्षकचक्रास तो जुळतोही. परंतु शब्द आपली कथा मागें टाकून येत नाहीं. आम्हांस ही अडचण दोषरूप वाटत नाहीं. स्मारकाचा सर्वांत गंभीर अर्थ तोच आहे. तरुणास पुढें धाडणाऱ्यांनीं त्यास दिलेला शब्द पाळला काय, हा प्रश्न येथें येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्यास व राज्यकर्त्यास विचारला जातो.

आपल्याकडील वीरगळांशीं तुलना केली असतां आणखी एक गोष्ट दिसते. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. खालीं युद्ध, त्यावर वीरास नेणाऱ्या अप्सरा, त्यावर बहुधा शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. पराक्रम आधीं, नांव मात्र बहुतेकांवर नाहींच. दिल्लीस क्रम उलटा आहे. आधीं त्याग, मग वीरता; आधीं नांव, मग रणचित्र. शिवलिंगाच्या जागीं ज्योत आहे, जिच्यापुढें कोणत्याही धर्माच्या आईबापांनीं निःसंकोच उभें राहावें. समाईक मूल्यें म्हणतात तीं या दोन बदलांत आहेत.

त्यागचक्रांत अर्पणाच्या वेळीं २५,९४२ नांवें होतीं. आमच्या एका विद्यार्थ्याचें नांव तेथें आहे. तो सन १९९९ च्या कारगिल युद्धांत पडला. रघुवंशाचा दुसरा सर्ग तो आमच्याकडे शिकला; पाठांतरांत कच्चा होता. त्याची शिळा शोधतांना शेजारच्या शिळा अधिकाऱ्यांच्या कीं शिपायांच्या, हा विचार मनांतही आला नाहीं. सर्व एका मापाच्या आहेत. मग परमयोद्धा स्थळीं परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचेच अर्धपुतळे कां, असें कोणी विचारील. त्यांपैकीं १४ जणांस तें चक्र मरणोत्तर मिळालें, सात जणांस जिवंतपणीं. म्हणजे तेथें गौरव शौर्याचा आहे, मृत्यूचा नव्हे. तें स्थळ चक्रांहून निराळें ठेवल्यानें भिंतीवरील समता अबाधित राहते.

एका गोष्टीविषयीं मात्र आमचा मतभेद आहे. इंडिया गेटखालीं ता. २६ जानेवारी १९७२ रोजीं प्रज्वलित झालेली अमर जवान ज्योत ता. २१ जानेवारी २०२२ रोजीं येथील ज्योतींत विलीन करण्यांत आली. त्या कमानीवर पहिल्या महायुद्धांतील व तिसऱ्या अफगाण युद्धांतील मृतांचीं नांवें आहेत. त्यांतील हिंदी शिपाई परकी सत्तेखालीं लढले, तरी ते याच भूमीचे पुत्र होते. १९७१ च्या वीरांची ज्योत पन्नास वर्षें तेथें तेवल्यानें दोन काळांचे मृत एका छायेखालीं आले होते. तो सांधा आतां निखळला. तेव्हां नव्या स्मारकास जाणाऱ्यानें आधीं त्या जुन्या कमानीपुढें क्षणभर उभें राहावें, व मग चक्रांत शिरावें, एवढी आमची सूचना आहे.