‘स्वमग्न’ : एका शब्दाची परीक्षा

शब्दाने अर्थ सांगावा, निकाल देऊ नये. ‘ऑटिझम’साठी मराठीने पत्करलेला ‘स्वमग्नता’ हा शब्द ह्या कसोटीस उतरतो काय? कवीला आत्ममग्न म्हटले तर त्याचा गौरव होतो. त्याच जातकुळीचा शब्द चार वर्षांच्या पोराला लावला, की घरच्यांना वाटते, हा आपल्यातच तृप्त आहे. ह्याला आपली गरजच नाही.

दोष एकट्या मराठीचा नव्हे. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर ह्यांनी १९११ च्या सुमारास ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्व’, ह्यावरून मूळ शब्द घडवला, तोही स्किझोफ्रेनियाचे वर्णन करताना. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्यांनी ११ मुलांची हकीकत लिहिली, तेव्हा हा उसना शब्द त्या मुलांना चिकटला. कॅनरांचा लेख मात्र आजही वाचावा असा आहे. त्यांनी एकेक मूल पाहिले, त्याचे बोलणे-वागणे टिपले. नाव त्यामागून आले.

ही रीत आपल्याला परकी नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र सांगितले, ते प्रभूंचे लोकविलक्षण वागणे लीळेमागून लीळा जसेच्या तसे टिपून. प्रभूंवर आजचे निदान लादणे हा उद्धटपणा होईल. आपण घ्यायची ती पाहण्याची रीत. आमच्या कथाकादंबऱ्यांतून गावातले ‘येडं’ येते, ते बहुधा हसवण्यासाठी, नाही तर शेवटी रडवण्यासाठी. ते दिवसभर काय करते, कशाला भिते, हे आम्ही लेखक क्वचितच सांगतो.

२०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने व्याख्या नव्याने मांडली. तिच्यात लक्षणांचे दोन गट आहेत : इतरांशी संवाद व संबंध राखण्यातली अडचण, आणि तेच ते वागणे व ठराविक आवडी. ह्या दुसऱ्या गटात आवाज, स्पर्श, उजेड फार जाणवणे किंवा फारच कमी जाणवणे हेही आले. ऐन दिवाळीत हे कलम घरोघर वाचले जावे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पहिल्याच फटाक्यासरशी कान दाबून माजघरात पळणारे मूल हट्टी असेलच असे नव्हे. ते स्वतःत बुडालेले तर मुळीच नसते. बाहेरचे जगच त्याच्यावर आदळत असते. म्हणजे शब्द सांगतो एक, आणि मूल सांगते नेमके उलटे!

व्याख्या हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेला स्वतंत्र रकाना नव्हता. दाखला हवा तर बहुधा ‘मतिमंद’ म्हणवून घ्यावे लागे. २०१६ च्या कायद्यात ती नावानिशी आली. भारतात तयार झालेल्या मापनपट्टीत ४० कलमे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आत राहिली तर स्वमग्नता नाही असे ठरते. हे गुण तपासनीस देतो, परंतु मुलाला पाहून आणि आईबापांना विचारून.

तेव्हा पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी आईने आणि मास्तरांनी काय पाहिले, ह्याला मोल आहे. ‘लक्ष देत नाही’ हा निकाल झाला. ‘हाक मारली तर वळत नाही, पण फळ्यावर खडू करकरला की कान झाकतो’ ही नोंद झाली. ‘स्वमग्न’ शब्द आता रुळला आहे. तो हाकलून द्यावा असे मी म्हणत नाही. त्याच्या पुढे अशी एक तरी नोंद असावी, एवढेच मागणे आहे.