अर्जाची भाषा

१८४४ साली लॉर्ड हार्डिंग यांनी सरकारी नेमणुकांत इंग्रजी शिकलेल्यांस प्राधान्य देण्याचे ठरविले, आणि नोकरीचा इंग्रजी अर्ज हा सुशिक्षितांचा पहिला गद्यप्रकार होऊन बसला. या अलंकारिक इंग्रजीची इंग्रजांनी पुढे यथेच्छ टिंगल केली. एफ. अँस्टी यांचा ‘बाबू जॅबरजी, बी. ए.’ (१८९७) हा तिचा प्रसिद्ध मासला. त्यातील विनोद चतुर आहे. दृष्टी मात्र आम्हांस अपुरी वाटते.

ही शब्दबहुल नम्रता निव्वळ अज्ञानाची नव्हे. बंगालचे दाखले बंगाली टीकाकारांनी द्यावेत. आम्ही मोडी दप्तराचा देतो. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असा आरंभ करून ‘बहुत काय लिहिणे’ म्हणत थांबणाऱ्या लेखणीस ‘आय बेग टु स्टेट’ कितीसे परके वाटणार? शिवाय ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’ हे तर साहेबाचेच शब्द. बरोबरीच्या साहेबाला लिहितानाही तो ते वापरी. त्याच्या लेखी तो शिष्टाचार होता. अर्जदाराला त्यातला शब्द न् शब्द खरा करून दाखवायचा होता!

‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशाने ‘उमेदवार’ हा शब्द नोंदविला आहे: आशेवर तिष्ठणारा. अशा माणसाने अर्जात घरची खाणारी तोंडे मोजून दाखविली की वाचणारे हसत. आमच्या मते साऱ्या अर्जात अलंकाराविना लिहिलेले वाक्य तेवढेच असे.