डिबगरमधील पत्त्यांचे प्रकारभेद : एक चिकित्सा

प्रस्तुत लेखात डिबगरच्या रचनेतील एका दुर्लक्षित प्रश्नाचा परामर्श घ्यावयाचा आहे. नाशिक जिल्ह्यात जमिनीचा व्यवहार करणारा कोणीही नुसत्या '१२०' या आकड्यावर विसंबत नाही. १९४७ च्या कायद्यान्वये ज्या गावांत एकत्रीकरण झाले, तेथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. आकडा तोच, जमीन वेगळी.

डिबगरमध्ये नेमका हाच घोळ संभवतो. एखादे फंक्शन फाईलमध्ये ११३९ (षोडशमान) या पत्त्यावर नोंदलेले असते. लिनक्सने प्रोग्राम ५५५५५५५५४००० या पायावर चढविला की त्याचा धावता पत्ता ५५५५५५५५५१३९ होतो. फाईलच्या आरंभापासूनचे अंतर हा आणखी तिसरा आकडा. पहिल्याला दुसरा समजून ब्रेकपॉइंट लावला तर बहुधा तेथे मेमरीच नसते आणि चूक तत्काळ उघड होते. हे सुदैवच म्हणावयाचे. परंतु ठरावीक पत्त्यावरच चढणाऱ्या जुन्या धर्तीच्या प्रोग्राममध्ये पहिले दोन्ही आकडे समान असतात. तेथे चूक वर्षानुवर्षे निमूटपणे नांदते.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये आरंभिलेल्या जीडीबीमध्ये दीर्घकाळ या पत्त्यांसाठी 'कोअर अ‍ॅडर' हा एकच प्रकार होता. वस्तुतः ते पूर्णांकाचे टोपणनाव. टोपणनावावरून कम्पायलर काहीच ओळखत नाही. २०१७ च्या ८.० आवृत्तीत सी प्लस प्लसचे २०११ चे प्रमाण अनिवार्य झाले व मार्ग मोकळा झाला. तरीही फाईलमधील पत्त्यास स्वतंत्र प्रकार मिळण्यास २०२३ उजाडले. प्रोग्राम धावताना या उपायाची काहीच किंमत मोजावी लागत नाही, हे पाहता हा विलंब समर्थनीय वाटत नाही.

मात्र हा प्रकारही अपुराच आहे. गट नंबर सांगितला, गाव सांगितले नाही, अशी त्याची अवस्था. दोन वेगळ्या लायब्ररींतील पत्ते त्याच्या लेखी एकाच जातीचे. एकीच्या पत्त्यात दुसरीचा पाया मिळविला तरी कम्पायलर हरकत घेत नाही. साय ब्रँड यांच्या 'बिल्डिंग अ डिबगर' या ग्रंथातील प्रकार आकड्यासोबत मूळ फाईलचा निर्देशही बाळगतो. अर्थात त्यामुळे प्रत्येक पत्ता दुप्पट जागा व्यापतो. लाखो ओळींच्या कोष्टकात हा भार जाणवेल, आणि तेथे तो अनावश्यकही आहे, कारण कोष्टक मुळात एकाच फाईलचे असते. तेव्हा कोष्टकात जीडीबीचा सुटसुटीत प्रकार राहू द्यावा; पत्ता कोष्टकाबाहेर पडताना मात्र त्याला फाईलची जोड द्यावी.