लहान मुलांच्या मापाची वाट

क्लायम्बिंगच्या भिंतीवर पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी लावलेला रूट हीसुद्धा एक रचना असते, आणि ती जमवायला मोठं कसब लागतं. मोठ्यांच्या अवघड रूटभोवती घोळका जमतो, त्यातल्या क्रक्सवर, म्हणजे सगळ्यात अवघड जागेवर, तासन्‌तास चर्चा झडतात. कोपऱ्यातल्या मुलांच्या रूटकडे मात्र कुणी मान वर करून बघत नाही. पुण्यातल्या एका इनडोअर भिंतीवर अशाच एका पिवळ्या रूटनं मला खिळवून ठेवलं. त्याबद्दल सविस्तर लिहावं असं वाटतं.

भिंत तिथे किंचित मागे रेललेली आहे, म्हणजे स्लॅब. त्यामुळे वजन आपसूक पायांवर येतं. खालचे चार होल्ड, म्हणजे पकडायचे तुकडे, भरघोस ‘जग’ प्रकारचे आहेत: चारही बोटं आत जाऊन वर पकडायला जागा उरेल असे. मूल विचार न करता तिथवर जातं. पाचवा होल्ड मात्र रूट रचणाऱ्या सेटरनं डावीकडे सरकवलाय, हात पुरेल न पुरेल अशा अंतरावर. आणि डाव्या पायासाठी गुडघ्याच्या उंचीला एक चिप, म्हणजे पाय टेकवण्यापुरता छोटा होल्ड, बसवलाय. अख्ख्या रूटचा जीव या जागेत आहे. मोठा माणूस इथे नुसता हात लांबवून पुढे निघून जाईल, त्याला काही जाणवणारही नाही. म्हणून असं अंतर ठरवताना सेटरला स्वतःची उंची विसरून मुलाच्या वावेनं भिंत मोजावी लागते.

एक मुलगी त्या जागेपाशी पोचली. डावा हात ताणला, बोटांची टोकं कडेला लागली आणि निसटली. पुन्हा तेच. खालून आईचा आवाज आला, ‘अगं, वरचा धर, वरचा!’ बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, दादा एवढंच म्हणाला, ‘पाय बघ.’ कोणता पाय, कुठे ठेवायचा, हे त्यानं सांगितलं नाही. तिनं मान वाकवून खाली पाहिलं, चिप शोधला, बुटाचं टोक त्यावर टेकवलं, जरा दाबून पाहिलं. मग गुडघा सरळ झाला, कंबर भिंतीच्या जवळ आली आणि मघाशी दूर असलेला होल्ड थेट तिच्या डोळ्यांसमोर आला. चढण्याचं काम पायांचं, हे प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. या चिपवर ते तिच्या शरीराला उमगलं. बंदिश नीट बांधलेली असली की नवख्या गळ्यातूनही राग दिसतो, तसं इथे झालं.

यात सेटरइतकंच श्रेय त्या दादाच्या संयमाला आहे. त्यानं बोट दाखवून होल्ड सांगितला असता, तर मुलगी वर गेली असती पण ती जागा तिची झाली नसती.

पाचव्या होल्डसारखी लांबची जागा पाहून ‘माझं मूल बुटकं आहे, त्याला जमेल का,’ असं पालक हमखास विचारतात. योसेमिटीतल्या एल कॅपितान कड्यावरचा ‘नोज’ हा मार्ग १९९३ साली पहिल्यांदा फ्री क्लाइंब केला, म्हणजे दोर फक्त पडल्यास सावरायला ठेवून निव्वळ हातापायांनी चढला, तो लिन हिलनं. तिची उंची जेमतेम ५ फूट २ इंच. भल्याभल्यांची बोटं न शिरणाऱ्या बारीक फटींत तिची बोटं बसत होती.

रूटमध्ये काय नाही, तेही वाचायला हवं. बोटांच्या टोकांवर सगळा भार येईल असा एकही क्रिंप या पिवळ्या रूटवर नाही. वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग कोवळा असतो आणि सततच्या ताणानं तिथे इजा होऊ शकते. म्हणून बोटांच्या ताकदीचा सराव करायच्या फिंगरबोर्ड, कॅम्पस बोर्ड यांपासून मुलांना दूर ठेवतात. सेटरनं हात राखून केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

होल्ड हवा तसा बसवण्याची ही मोकळीक सुरुवातीच्या भिंतीवर नव्हती. १९६४ साली लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी विटांच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवून सरावाची भिंत तयार केली. ते दगड जिथे बसले तिथेच राहिले. आजचा होल्ड बोल्ट सैल करून थोडा फिरवला की त्याचा स्वभावच पालटतो. पाचव्या होल्डपाशी लावलेला तो चिप जरा खाली कलता बसवला असता, तर बूट घसरला असता आणि मुलगी पायांऐवजी हातांवर विसंबायला शिकली असती.

चढण्याआधी दादानं तिला दोन-तीन फुटांवरच हात सोडून हार्नेसमध्ये बसायला लावलं होतं. लहानग्यांची कंबर अरुंद आणि वरचं अंग जड, त्यामुळे नुसत्या कमरेच्या हार्नेसमध्ये ती उलटी होऊ शकतात. त्यांना खांद्यांवरून येणारा पूर्ण हार्नेस घालतात. दोर आपल्याला धरतो, हे मुलाला उंचीवर पोचण्याआधी कळायला हवं. अनेक वर्गांत ही पायरी घाईघाईत उरकतात. वर पोचलेलं मूल मग भिंत सोडायलाच तयार होत नाही.

या रूटमधली एक गोष्ट मात्र मला खटकते, ती म्हणजे टोकाला टांगलेली घंटा. ती दिसली की मुलं शेवटचे तीन होल्ड पाय न बघता, नुसत्या हातांनी ओरबाडत चढतात. पाचव्या होल्डशी शिकलेलं तिथे विसरून जातात. घंटा काढून शेवटचा होल्ड दोन्ही हातांनी धरायचा, एवढाच नियम ठेवावा, आणि त्याच्या खाली आणखी एक चिप द्यावा, या वेळी उजव्या पायासाठी.